विमानाची आगाडी-पिछाडी

काही प्रश्नांशी आपला काडीचाही संबंध नसतो आणि नेमके तेच प्रश्न आपली झोप खातात. मी नंदुरबारचा माणूस. कचेरीत चौतीस वर्षं आवक-जावक केली आणि निवृत्त झालो. आता सकाळी देवपूजा, दुपारी झोप आणि संध्याकाळी स्टेशनपर्यंत फेरी, असा भरगच्च कार्यक्रम असतो. वाहन म्हणाल तर एक जुनी स्कूटर आहे. ती ओट्याला टेकून उभी असते. ती कुठे उभी करावी हा प्रश्न मला गेल्या वीस वर्षांत पडलेला नाही. ती चालू कशी करावी हाच पडतो. अशा माणसाला कुणी विचारलं की, 'मामा, विमान गवतावर उभं करावं की डांबरावर?' तर त्याने काय सांगावं?

विचारणारी माझी भाची. ती वैमानिक व्हायला शिकते आहे. कुठल्या संस्थेत ते सांगत नाही, कारण पुढे जे येणार आहे त्यात संस्थेचं कौतुक फारसं नाही. आमच्या दाजींनी तिच्या फीसाठी शहाद्याकडची दोन एकर काळीभोर जमीन विकली, तेव्हा अक्काने दोन दिवस चूल पेटवली नव्हती. 'लोक जमीन विकून घर बांधतात, तुम्ही जमीन विकून हवा घेतली,' असं ती म्हणाली होती. तेव्हा भाचीचा प्रश्न हा नुसता प्रश्न नव्हता. त्यात दोन एकर होते.

दिवाळीला आली तेव्हा तिने सगळं नीट सांगितलं. त्यांच्या संस्थेतली शेड लहान आणि विमानं जास्त. त्यामुळे चार विमानं बाहेर उघड्यावर राहतात. दोन डांबरावर आणि दोन कडेच्या गवतावर. विद्यार्थ्यांत त्यावरून दोन तट पडले होते. गवतवाले म्हणत, विमान जमिनीवरच शोभतं. डांबरवाले म्हणत, आपण काय गुरं वळायला आलोय का? भाची म्हणाली, 'मामा, तुम्ही एवढं वाचता, तुम्हीच सांगा.' आता मामाने 'मला ठाऊक नाही' म्हणायचं नसतं, हा आपल्याकडचा जुना नियम आहे. मी चष्मा पुसला, 'बघतो' म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊन बसलो. तिथून जो गुंतलो तो महिनाभर.

आमच्या जिल्ह्याचा आणि विमानाचा संबंध म्हटलं तर फक्त मान वर करण्यापुरता. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ला धुळ्यापासून वेगळा झाला. वाटण्या झाल्या की एका भावाकडे विहीर जाते आणि दुसऱ्याकडे आंब्याचं झाड. तसं आमच्या वाट्याला सातपुड्याचे डोंगर आणि तोरणमाळ आलं, आणि गोंदूरची धावपट्टी धुळ्याकडे राहिली. निवडणूक आली की आमच्याकडे उतरतं ते हेलिकॉप्टर. त्याच्यासाठी मैदानावर आदल्या दिवशी टँकरने पाणी मारतात, फक्कीने गोल आखतात, आणि ते उतरलं की पाणी मारूनही उडालेला धुरळा पुढचे दोन दिवस आमच्या वरणात येतो. विमानाची आमची माहिती एवढीच. म्हणून मला वाटत होतं की विमान म्हणजे डांबर, आणि डांबर नाही तिथे विमान नाही. इतिहास उघडला तर निघालं भलतंच.

विमान जन्माला आलं तेच मुळी डांबराशिवाय. राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ला अमेरिकेत किटी हॉकजवळच्या वाळूत पहिलं उड्डाण केलं, तेव्हा त्यांच्या विमानाला चाकंसुद्धा नव्हती. लाकडी रुळावरून ते घसरत गेलं आणि उडालं. आपल्या देशात १८ फेब्रुवारी १९११ला हेन्री पेके नावाच्या फ्रेंच माणसाने अलाहाबादच्या प्रदर्शनाच्या मैदानावरून साडेसहा हजारांच्या आसपास पत्रं घेतली आणि यमुना ओलांडून नैनीला नेऊन उतरवली. जगातली पहिली सरकारमान्य हवाई टपाल म्हणतात ती हीच. अंतर दहा किलोमीटरच्या आसपास. टपाल विमानाने पाठवण्याइतकं ते अंतर नव्हतं हे खरं, पण आमच्या कचेरीत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कागद जायला लागतो त्या वेळेच्या मानाने वेग चांगलाच म्हणायचा. सांगायचा मुद्दा असा की, पेकेला धावपट्टी लागली नाही. मैदान लागलं.

आणि मैदान लागायला कारणही होतं. त्या काळच्या बहुतेक विमानांना पुढे दोन चाकं असत आणि शेपटीखाली चाक नसून एक पट्टी असे, पाटासारखी घासत जाणारी. ब्रेक नसत. १९३१मध्ये इंग्लंडात पहिल्यांदा उडालेलं टायगर मॉथ घ्या. पुढे आपल्याकडच्या वैमानिकांच्या कितीतरी पिढ्या त्याच्यावर शिकल्या. लाकूड, लोखंडी नळ्या आणि कापड यांचं ते विमान, रिकामं वजन पाचशे किलोच्या आसपास. त्यालाही मूळचा ब्रेक नाही. मग ते थांबणार कसं? शेपटीची ती पट्टी गवतात, मातीत रुतायची, ओढ लागायची आणि विमान थांबायचं. गवत हाच ब्रेक. हेच विमान गुळगुळीत फरशीवर उतरवलं, तर शेपूट सुळकन घसरणार आणि पट्टी झिजून जाणार. थोडक्यात, डांबर हे तेव्हा विमानाला गैरसोयीचं होतं. आपण शेणाने सारवलेल्या जमिनीवर बेतशीर चालणारी आजी एकदम मोझॅकच्या फरशीवर नेली तर तिचं जे होईल, तेच.

दुसरं कारण वाऱ्याचं. हलकं विमान वाऱ्याकडे तोंड करून उडतं आणि वाऱ्याकडे तोंड करूनच उतरतं. डांबरी पट्टी एकदा घातली की ती घातली. वारा बदलला म्हणून ती फिरवता येत नाही. गोल, मोकळं मैदान असलं की ज्या दिशेचा वारा त्या दिशेला निघा. म्हणून जुने विमानतळ म्हणजे गवताची मोठमोठी मैदानंच असत. लंडनचा क्रॉयडनचा विमानतळ एके काळी साऱ्या साम्राज्याचं दार होता. तो १९५९मध्ये बंद होईपर्यंत गवताचाच राहिला. हे वाचल्यावर मला उगीचच बरं वाटलं. आपल्या नगरपालिकेच्या शाळेचं मैदान आणि लंडनचा विमानतळ यांत एके काळी तत्त्वतः फरक नव्हता; आमच्या मैदानावर फक्त गवत नव्हतं.

आता आपल्या जुहूकडे या. जुहूचा विमानतळ १९२८चा. बॉम्बे फ्लाइंग क्लब तिथलाच. त्या क्लबात शिकलेल्या जे. आर. डी. टाटांना फेब्रुवारी १९२९मध्ये परवाना मिळाला, त्यावर क्रमांक होता १. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ला ते कराचीहून पुस मॉथ नावाचं चिमुकलं विमान घेऊन निघाले. सोबत हवाई टपालाची थैली. वाटेत अहमदाबादला उतरले. तिथे पेट्रोल कशातून आलं असेल? बैलगाडीतून! डबे बैलगाडीवर लादून आणले आणि विमानात ओतले. हे वाचून मी वाचनालयात मोठ्याने हसलो आणि ग्रंथपालांनी माझ्याकडे पाहिलं. विसाव्या शतकातली सगळ्यांत वेगवान वस्तू आणि सगळ्यांत संथ वस्तू एकाच मैदानावर, शेजारी शेजारी. बैल बहुधा रवंथ करीत असतील.

दुपारी जे. आर. डी. जुहूला उतरले. जुहू म्हणजे तेव्हा समुद्रकाठची चिखलाची सपाटी. उन्हाळ्या-हिवाळ्यात ती वाळून टणक व्हायची, तेव्हा विमानतळ. पावसाळ्यात तिच्यात पाणी भरायचं, तेव्हा तो विमानतळ नव्हे. मग पावसाळ्याचे महिने सगळा बाडबिस्तरा उचलून पुण्याला न्यायचा. आमच्याकडे पावसाळ्यात गुरं उंचावरच्या गोठ्यात नेतात, तसंच. तरी हा कारभार काही फालतू नव्हता. पहिल्या वर्षात टाटांची विमानं १ लाख ६० हजार मैल उडाली आणि १५५ प्रवासी घेऊन गेली. मुंबईहून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट नावाचा वैमानिक टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला जायचा. बेल्लारी! म्हणजे एक मोकळं मैदान आणि पेट्रोलचे डबे आणायला बैलगाडी एवढं ज्या गावाकडे होतं, ते गाव जगाच्या नकाशावर येऊ शकत होतं. बैलगाड्या आमच्याकडेही होत्या की हो.

मग हे डांबर आलं कुठून? युद्धातून. दुसऱ्या महायुद्धात विमानं जड झाली. आपलं डाकोटा घ्या, भरल्यावर अकरा-बारा टनांच्या घरात. असं विमान पावसाळी मैदानावर उतरवा, म्हणजे मग काढायला पन्नास माणसं लागतील. सैन्याला वाळण्याची वाट बघायला वेळ नव्हता. अमेरिकनांनी १९४१मध्ये भोकं पाडलेले पोलादी पत्रे काढले. एकेक पत्रा दहा फूट लांब, पंधरा इंच रुंद आणि तीस किलोचा. एकमेकांत अडकवत जायचे की चिखलावर धावपट्टी तयार. जिथे बरेच दिवस राहायचं तिथे काँक्रीट आणि डांबर. तोवर विमानांना ब्रेक आले होते आणि शेपटीखालच्या पट्टीच्या जागी चाकही आलं होतं; पुढे ते चाक शेपटीकडून नाकाखाली आलं. आता विमानाला थांबायला गवताची गरज उरली नाही. युद्ध संपलं, पट्ट्या राहिल्या. लहान विमानांनीही मोठ्यांचं बघून डांबर धरलं. घरात मोठ्या भावाला बूट आले की धाकटा अनवाणी शाळेत जात नाही, त्यातलाच प्रकार.

याच्यात तोटा कुणाचा झाला हे कुणी लिहून ठेवलेलं मला दिसलं नाही, म्हणून मी लिहितो. तोटा लहान गावांचा झाला. मैदान सगळ्यांकडे असतं, धावपट्टी नसते. मैदानाला गुरं हाकलावी लागतात. धावपट्टीला मंजुरी, निविदा, भूसंपादन आणि आमदार लागतात. विमान मैदानावरून डांबरावर चढलं, त्या दिवशी बेल्लारीसारख्या गावांच्या आणि विमानाच्या मधे एक फाइल येऊन बसली. ती फाइल किती जड असते हे मला विचारा. चौतीस वर्षं मी तीच उचलली.

एवढं वाचून मी भाचीला फोन लावला आणि म्हटलं, 'गवत. निःसंशय गवत.' ती म्हणाली, 'मामा, गवत इंग्लंडात असतं.'

मी गप्प. कारण ती म्हणत होती ते बरोबर होतं. इंग्लंडातलं गवत बारा महिने हिरवं, दाट आणि आखूड. त्याखालची माती त्याच्या मुळांनी घट्ट धरलेली. आमच्या खानदेशातलं गवत म्हणजे चार महिने चिखल, दोन महिने हिरवळ आणि सहा महिने काडी. शिवाय खाली काळी कापसाची जमीन. ही जमीन पाणी प्याली की फुगते आणि लाडूसारखी चपलेला चिकटते. उन्हाळ्यात आटली की तिला इतक्या रुंद भेगा पडतात की लहानपणी आम्ही त्यांत गोट्या घालवल्या आहेत. अशा जमिनीवर पाचशे-सहाशे किलोचं विमान तीन बारीक चाकांवर जुलैत उभं केलं, तर ते विमान राहत नाही, रोप होतं.

भाचीने मग गवताचे बाकीचे गुण सांगितले. रात्रीचं दव आणि जमिनीची ओल खालून विमानाच्या पोटाला लागते, धातू खराब होतो, ब्रेकच्या चकत्या गंजतात. उंदीर आत शिरून घरटं करतात, वायरी कुरतडतात. गवतात दगड दडलेला असतो. पंखा फिरायला लागला की तो उचलला जातो आणि पात्याला टवका पडतो. आणि कुंभारीण! आपल्या घरात दाराच्या कुलपात मातीचं घर करणारी ती माशी. विमानाला वेग मोजायची एक बारीक नळी असते, तिच्या तोंडात ही बाई चिखल भरून ठेवते. मग वर गेल्यावर वेगाचा काटा भलतंच काहीतरी दाखवतो. म्हणून त्या नळीला टोपी घालून तिला लाल फीत लावतात, उडण्यापूर्वी ती काढायची आठवण राहावी म्हणून. मी म्हटलं, 'मग डांबर.' तर ती हसली आणि डांबराचे गुण सांगायला लागली.

मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकला की आमच्याकडे डांबर मऊ होतं, हे सांगायला विमान लागत नाही. माझ्या दोन चपला रस्त्याने ठेवून घेतल्या आहेत. उभ्या विमानाची चाकं त्यात खळगे पाडतात. इंजिनातून तेलाचा, पेट्रोलचा थेंब गळला की डांबर विरघळतं, म्हणून विमानं उभी करायच्या जागी शक्य तिथे काँक्रीट करतात. त्या जागेला म्हणे 'एप्रन' म्हणतात. स्वयंपाकघरातलं आहे तेच नाव, आणि डागही तसेच पडतात. शिवाय खालून भट्टी, वरून सूर्य. टायर आणि आतली उपकरणं दोन्हीकडून भाजतात. आणि डांबर जुनं झालं की त्याची खडी सुटते. म्हणजे दगड इथेही आहेतच. गवतातला दगड दिसत नाही, डांबरावरचा दिसतो, एवढाच फरक.

हा वाद आमच्या नंदुरबारला नवा नाही, असं माझ्या तेव्हा लक्षात आलं. फक्त विमानाच्या जागी मिरची आहे. हिवाळ्यात आमच्या गावाबाहेर मिरचीच्या पथारी पडतात. नजर पोचेल तिथवर जमिनीवर लालभडक मिरची वाळत घातलेली. मिरची मातीवर वाळवावी की फरशीवर, यावर व्यापारी माणसं तासभर बोलू शकतात. मातीवर माती लागते, फरशीवर पैसा लागतो. पण अवकाळी पाऊस आला की दोघंही धावतात ते ताडपत्रीकडे. तेव्हा खाली काय आहे हे कुणी विचारत नाही. वर काय आहे आणि ते कशाने बांधलंय एवढंच विचारतात.

आणि विमानाचं खरं दुखणं तेच आहे. पाऊस नव्हे, वारा. भाचीचं शिकण्याचं विमान म्हणजे दोन माणसांचं सेसना १५२. ते ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटर वेगाला हवेत तरंगू शकतं. आता विमानाच्या पंखाला हे कळत नाही की वारा आपण धावतोय म्हणून लागतोय, की आपण उभे असून तोच धावत येतोय. वळवाचं वादळ ताशी ऐंशीने समोरून आलं, की उभ्या विमानाला वाटतं आपण निघालो. आत वैमानिक नाही, परवाना नाही, तरी ते उठायला लागतं. म्हणून त्याला बांधावं लागतं. दोन पंखांना दोन दोर, शेपटीला एक. चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. आतली दांडीही अडकवून ठेवायची, म्हणजे शेपटीवरच्या आणि पंखांवरच्या फळ्या वाऱ्याने फडफडत नाहीत.

हे सगळं मी जेवताना मायला सांगत होतो. माय म्हणजे माझी आई, वय अठ्ठ्याऐंशी. ती भाकरी चुरता चुरता थांबली आणि म्हणाली, 'ते काय घोडं शे का?'

मी सांगतो तुम्हाला, महिनाभर वाचून मला जे सुचलं नव्हतं ते तिने पाच शब्दांत सांगितलं. मायचं माहेर तापीकाठचं, सारंगखेड्याजवळचं. सारंगखेड्याला दत्तजयंतीला यात्रा भरते आणि घोड्यांचा मोठा बाजार भरतो. लांबलांबून घोडे येतात आणि नदीकाठच्या मोकळ्या जमिनीवर रांगेने उभे राहतात. प्रत्येकाला आगाडी-पिछाडी. पुढून दोन दोर, मागून एक. विमानाचंही तेच गणित! मायने मग जेवण बाजूला ठेवून सगळी घोडेविद्या सांगितली. खुंटी सरळ ठोकायची नाही, ओढीच्या उलट तिरकी ठोकायची. मुरुमात खुंटी धरते, उन्हाळ्यातल्या भेगाळ काळ्या जमिनीत धरत नाही. तिथे लांब खुंटी हवी. आणि दोर ताणून बांधायचा नाही. थोडा ढिला ठेवायचा. का, तर सुताचा, काथ्याचा दोर ओला झाला की आखडतो. 'पावसाळ्यात बाज किती कडक होते, पाहिलं नाही का?' आखडला की एक तर दोर तुटतो किंवा घोड्याचा पाय दुखावतो. फार ढिला ठेवला तर घोडं हिसके मारून खुंटी उपटतं.

मी हे सगळं शब्दशः भाचीला कळवलं. ती म्हणाली, 'मामा, आमच्या इंग्रजी पुस्तकात हेच आहे. फक्त घोडा नाहीये.'

पुढचा भाग मे महिन्यातला. रात्री साडेअकराला फोन वाजला. आमच्या वयाला त्या वेळेचा फोन म्हणजे आधी छातीत धस्स होतं. भाचीच होती. मागे वाऱ्याचा आवाज असा, जणू कुणी पत्रे ओढत नेतंय. म्हणाली, 'मामा, वादळ आलंय. विमानं बाहेर आहेत. आम्हाला खोलीबाहेर पडू देत नाहीयेत.' डांबरावरच्या दोन विमानांना कड्या होत्या, साखळ्या होत्या. गवतावरच्या दोन विमानांना लोखंडी खुंट्या आणि दोर. नवे दोर मागून तीन महिने झाले होते, ते आले नव्हते. त्यातलं एक विमान संध्याकाळी तिने स्वतः बांधलं होतं.

तुम्ही म्हणाल, विमान संस्थेचं, नुकसान संस्थेचं, हिने का रडावं? त्याचं असं आहे. धंद्याचा परवाना हवा तर दोनशे तास उडायला लागतं. विमानं मोजकी. एक जरी पडलं तरी दुरुस्तीला महिने जातात, बाकीच्या विमानांपुढे रांग वाढते, राहण्या-खाण्याचा खर्च चालू राहतो, वैद्यकीय तपासणीची मुदत संपते. तिचे तोवर एकशे बारा तास झाले होते. उरलेले अठ्ठ्याऐंशी तास त्या रात्री गवतावर तीन दोरांनी बांधलेले होते. दाजींचे दोन एकर तिथेच होते.

मी तिला म्हटलं, 'खुंटी तिरकी ठोकली होतीस ना?' ती 'हो' म्हणाली. 'दोर ढिला ठेवला होतास?' 'हो, मामा.' पुढे काय बोलावं मला सुचेना. फोन तसाच धरून दोघं वारा ऐकत बसलो. माय जागी झाली होती. तिने काही विचारलं नाही. देवापुढे दिवा लावला आणि बाजेवर बसून राहिली.

सकाळी सहाला फोन आला. चारही विमानं उभी होती. डांबरावरची दोन जागच्या जागी, पण सुटलेली खडी उडून एकाच्या काचेला ओरखडे. गवतावरच्या एकाची शेपटीची खुंटी काळ्या मातीतून उपटून आली होती. पण पुढचे दोर टिकले, आणि विमान अर्धवट वळून वाऱ्याकडे तोंड करून उभं राहिलं. तेच विमान तिने बांधलेलं. दोन तासांनी ते तपासलं, आणि आठ दिवसांनी ती त्याच विमानातून उडाली. गवतवाले आणि डांबरवाले यांचा वाद मात्र मिटला नाही. दोघांनाही वाटलं की आपणच जिंकलो. संस्थेने त्यानंतर नवे दोर आणले. वादळानंतर दोर आणणं ही आपली जुनी कार्यपद्धती आहे. मी स्वतः तशा कितीतरी फाइली मंजुरीला पाठवल्या आहेत.

१५ ऑक्टोबर १९८२ला, पहिल्या टपालाला पन्नास वर्षं झाली म्हणून, जे. आर. डी. टाटा वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पुन्हा कराचीहून एकटे जुन्या बनावटीचं लेपर्ड मॉथ घेऊन निघाले आणि जुहूला उतरले. तोवर जुहूला धावपट्टी झाली होती. त्या चिखलाच्या सपाटीची त्यांना त्या दिवशी आठवण झाली असेल का, हा प्रश्न मला पडतो. मला अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी स्कूटर चालू करता आली तरी पुष्कळ.

भाचीचे दोनशे तास यंदा पुरे झाले. सुरत-भुसावळ गाडीने घरी आली, मायच्या पाया पडली. मायने विचारलं, 'आता आपल्या गावात कधी उतरशील?' भाची म्हणाली, 'आजी, इथे धावपट्टी नाही.' माय म्हणाली, 'पथारीची एवढी जागा पडलीय की. मिरची उचलायला सांगू.'

आम्ही सगळे हसलो. हसता हसता माझ्या मनात आलं, १९३२ साली ही सूचना काही हसण्यासारखी नव्हती.

हल्ली मे महिन्यात रात्री वारा सुटला की मी उठून ओट्यावर येतो आणि स्कूटर बघतो. ती उडण्याची भीती नाही. तिने ते पूर्वीच सोडून दिलंय. पण आतून मायचा आवाज येतो, 'बांधलं का रे?' आणि मी 'हो' म्हणतो.